तुझे हात कुठे होते

६ मार्च

प्रिय दादा,

फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर तू हसतोस, विषय बदलतोस, मग मीही हसते आणि ठेवून देते. कागदावर हसून वेळ मारून नेता येत नाही, म्हणून पत्र.

आत्या सकाळी तिच्या चष्म्याच्या दुकानात जाते ती संध्याकाळीच येते. तोवर मी, माझं प्लास्टर आणि खिडकीसमोरची भिंत. जाळ्यात हातावर पडून मोडलेलं डावं मनगट जुळतंय म्हणे. खांदा अजून हात लावू देत नाही.

दवाखान्यातल्या व्यायामवाल्या बाईंनी मला काम दिलंय. म्हणाल्या, "हात हलवायचा नाही, म्हणून नुसतं बसून राहायचं असं कुठे आहे? डोळे मिटा आणि तुमची सर्कशीतली उडी मारा." मला वाटलं थट्टा करतायत. पण त्यांचं म्हणणं असं की हालचाल मनात नीट केली तरी अंग ती विसरत नाही, नवीसुद्धा शिकतं. अट एवढीच, की प्रेक्षकांत बसून स्वतःकडे बघायचं नाही. आतून उडायचं. तळव्याला खडूची पूड लागली पाहिजे, बार गार लागला पाहिजे, पोटात खड्डा पडला पाहिजे. आणि खऱ्या उडीला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला पाहिजे.

मी करते. मचाणावर उभी राहते, सुटते, बार सोडते, गिरकी घेते. पायाच्या बोटांपर्यंत सगळं बरोबर येतं, दादा. मग हात पुढे करते आणि तुझे हात नसतात. बाई म्हणतात, मनात पडायची सवय लावून घेऊ नका, तिथेच थांबा, मागे या. मी मागे येते. पुन्हा जाते. पुन्हा नसतात.

बाबा जाळ्यापाशी उभे असायचे तेव्हापासून मी उडतेय, तू समोरच्या झुल्यावरून झेलतोयस. कधी एकमेकांना हाक दिली नाही. कधी सुटायचं ते माझ्या अंगाला माहीत, कधी यायचं ते तुझ्या. नव्या हॉलमधला पहिला खेळ, त्यातली पहिलीच उडी, तीही रोजचीच. मग त्या दिवशी तू उशिरा का आलास?

सरळ विचारलंय. सरळ सांग.

तुझी,
टोळ


१५ मार्च

चि. टोळ,

डावं मनगट मोडलं की उजव्या हाताचं अक्षर सुधारतं, हे मला नवीन कळलं. आत्याला सांग, जरा जास्त खायला घाल, पण झेलणाऱ्याचा विचार करून.

त्या दिवसाचं काय सांगू? दुसऱ्या दिवशी मी स्वतः वर चढून दोर तपासले, गाठी तपासल्या, कड्या तपासल्या. सगळं शाबूत. होतं कधी कधी असं. अंगाचा एखादा दिवस असतो. तू आधी बरी हो, मग बसून बोलू.

एक गोष्ट दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो. मॅनेजर कार्यक्रमात भोक ठेवायला तयार नाही. त्यामुळे तुझी वहिनी वर जातेय. हसू नकोस. शिवणयंत्रावरून उठली ती थेट मचाणावर. पण ती दोन हंगाम खाली बसून तुला बघत होती. सुईत दोरा ओवता ओवता तिने तुझं सगळं उचललंय. बार धरायच्या आधी तू बोटं झटकतेस ना, तशी झटकते सुद्धा. मी तर पहिल्यांदा बघून दचकलोच.

तात्पुरतं आहे. तुझी जागा तुझीच.

मी बरा आहे. भूक जरा कमी झालीय. उन्हाळा असेल.

तुझा,
दादा


२३ मार्च

दादा,

"होतं कधी कधी" हे उत्तर झालं का? मी तुला विचारलं तू उशिरा का आलास, आणि तू मला दोर, गाठी, कड्या मोजून दाखवल्यास. मी उशिरा आलो नव्हतो, असं तुला एका ओळीत लिहिता आलं असतं. तू लिहिलं नाहीस.

आणि वहिनी. तुमच्या लग्नाला अजून वर्षही झालेलं नाही. त्याआधी ती रोज जाळ्याच्या कोपऱ्यात स्टूल टाकून बसायची, मांडीवर माझाच कुठला तरी पोशाख. मला वाटायचं टाके घालतेय. ती मला बघत होती. एकदा विचारलं पण होतं तिने, "गिरकीत पाय नेमके कधी दुमडता तुम्ही?" मी तिला खाली गादीवर करून दाखवलं. इतक्या आपुलकीने मला कधी कुणी विचारलं नव्हतं. आता वाटतं, कशासाठी विचारलं?

मी पडले आणि तिसऱ्या आठवड्यात ती वर. एवढी तयारी होते का दादा तिसऱ्या आठवड्यात? बाई म्हणतात, होऊ शकते. बघून बघून माणसाचं अंग आतल्या आत सराव करत असतं, म्हणून शिकाऊ माणसाला त्या आधी नुसतं बघायला बसवतात. बाई तिला ओळखत नाहीत, म्हणून त्यांना त्यात कौतुक दिसतं.

त्यांनी मलाही बघायला सांगितलंय. कुणाचीही उडी चालेल म्हणाल्या, नवशिक्याची असली तर उत्तमच. दुसऱ्याची चूक पकडताना आपलं अंग जागं होतं. तर वहिनीच्या उडीचा व्हिडिओ पाठव. खाली बाईंचा नंबर दिलाय, त्यांच्या फोनवर पाठव. बघू तरी काय काय उचललंय.

मनात तू अजूनही येत नाहीस.

टोळ


४ एप्रिल

वर चि. वगैरे काही लिहीत नाही, काय लिहावं कळत नाही.

तू जोकरकाकांना पत्र लिहिलंस. भला माणूस आहे, त्यांनी ते कुणाला दाखवलं नाही. पण जेवताना माझ्यासमोर बसायचे ते लांब जाऊन बसायला लागले. शेवटी मीच विचारलं, काय झालं काका? त्यांनी खिशातून काढून पुढ्यात ठेवलं.

"तुम्ही खाली उभे होतात. खरं सांगा, दादाने हात मुद्दाम मागे घेतले असं वाटलं का?"

तुझ्या अक्षरात वाचलं हे. बाबा गेले तेव्हा तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. ते राहू दे.

जोकरकाकांना काही दिसलं नव्हतं. ते तेव्हा प्रेक्षकांकडे तोंड करून उभे होते. तुला उत्तर काय द्यावं हे त्यांनी मलाच विचारलं. मी म्हटलं, देऊ नका.

व्हिडिओ पाठवलाय. वहिनी नको म्हणत होती. मी पाठवला. माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही.

दादा


१४ एप्रिल

दादा,

जोकरकाकांना लिहिलं ते लिहिलं. तू सांगत नव्हतास म्हणून लिहिलं. पण तुझं शेवटचं वाक्य वाचून मला हसू आलं. लपवण्यासारखं नाही म्हणतोस आणि स्वतःच्या हाताने पुरावा पाठवतोस.

बाईंनी टेबलावर फोन उभा केला. पहिल्यांदा नुसतं पाहिलं. वहिनीची मान ताठ आहे, गुडघे उशिरा उघडते. पण बोटं झटकते ती माझीच. स्वतःचा रुमाल दुसऱ्याच्या खिशात दिसावा तसं वाटलं. बाई म्हणाल्या, तुमच्या पायाची बोटं हलतायत.

मग मी म्हटलं, पुन्हा लावा. तू झोका घेऊन मागे गेलास तेवढं पाहिलं आणि डोळे मिटून वहिनीबरोबर उडाले. माझ्या वेळेने. हात सोडायच्या क्षणी उजव्या हाताने टेबलावर थाप मारली आणि डोळे उघडले. वहिनी अजून बार धरून होती. पुन्हा केलं. पुन्हा तेच. बाईंनी स्वतः बघून खात्री केली. मी हात सोडते त्यानंतर ती हात सोडते. चुकीची वेळ आहे ती. बाबांनी तिला खाली उतरवलं असतं.

आणि तरी तू तिथे आहेस. तिच्या चुकीच्या वेळेला तुझे हात बरोबर तिथे आहेत.

शेवटी आवाज वाढवून ऐकलं. तू तिला हाक देतोस. "चल." इतक्या वर्षांत मला एकदा तरी दिलीस का? तिच्यासाठी थांबतोस, तिच्यासाठी हाक देतोस, आणि मी वेळेवर आले त्या दिवशी तुझा पत्ता नव्हता. यातून मी काय समजायचं ते तूच सांग. नको, सांगूच नकोस. तू पुन्हा गाठी मोजून दाखवशील.

प्लास्टर निघालं. हात वाळक्या काकडीसारखा दिसतो. मी परत येत नाही. आत्याला दुकानात माणूस हवंच आहे. काचा पुसायला दोन्ही हात वर करावे लागत नाहीत.

डोळे मिटायचंही बंद केलंय.


२२ एप्रिल

वन्संना नमस्कार.

हे पत्र यांना न विचारता लिहितेय. तुमचं पत्र यांनी वाचलं आणि माझ्या यंत्रावर ठेवून निघून गेले. मी वाचावं म्हणूनच ठेवलं असेल, असं धरून चालते.

हो, मी तुम्हाला बघत होते. चोरून नाही, जाळ्याच्या कोपऱ्यात सगळ्यांसमोर. तुम्ही मचाणावरून सुटलात की स्टुलावर माझे पाय आपोआप उचलले जायचे आणि शिलाई वाकडी व्हायची. तुमच्या निळ्या पोशाखाची डावी शिवण बघा, तिथे तुमची दुहेरी गिरकी आहे. मला वर जायचं होतं का? होतं. तुमच्या जागी? नाही. तुमच्यानंतर, कधीतरी, तुम्ही शिकवलं तर. हे तोंडाने कधी बोलले नाही, ते चुकलं.

आता माझ्या पहिल्या दिवसांचं ऐका, कारण ते यांनी तुम्हाला कळवलेलं दिसत नाही. पहिल्यांदा मी हाकेशिवाय गेले. डोळ्यांत तुमची उडी होती, ती जशीच्या तशी मारली. तुमच्या वेळेला सुटले, तुमच्या वेळेला हात सोडले, आणि सरळ जाळ्यात. दुसऱ्यांदाही. मला वाटलं माझं चुकतंय, पण हे उलटे लटकल्या लटकल्या म्हणाले, "तुझं नाही, माझं चुकतंय. मीच पोचत नाही." त्यानंतर ते हाक द्यायला लागले. आपण पोचणार असं वाटलं की हाक द्यायची, म्हणजे माझं मनगट तरी वाचेल.

वन्सं, हे दिवसातून एकच वेळ जेवतात. सकाळी सगळे उठायच्या आत हॉलभोवती धावतात. लग्नानंतर अंग सुटलं, झोका जड झाला, म्हणून बहिणीला झेलता आलं नाही, असं यांनी मनाशी पक्कं धरलंय. तुम्ही विचारत राहिलात आणि यांना उत्तर देता आलं नाही, कारण यांच्या हिशोबाने उत्तर "माझंच चुकलं" असं होतं. ते तुम्हाला कसं लिहायचं हे कळेना, म्हणून दोर आणि गाठी. आणि तुम्हाला वाटलं, काहीतरी लपवतायत. लपवत होतेच. पण तुम्हाला वाटलं ते नाही.

तुमच्या टेबलावरच्या थापेचं वाचून मी मात्र अडखळले. तुमची वेळ आणि माझ्या डोळ्यांतली तुमची वेळ एकच निघाली. म्हणजे मी नीट बघितलं होतं. मग त्या वेळेला आपण दोघी पडतो आणि उशिरा सुटलं की झेलल्या जातो, असं कसं? यांचं वजन वाढलं म्हणून? यांच्या पँटी मीच शिवते. कमरेत काही फरक नाही, उलट आता सैल झाल्यात.

दुसऱ्या दिवशी सरावाच्या वेळी मी त्यांच्याकडे बघितलं नाही, त्यांच्या झुल्याकडे बघितलं. त्या दोरांना निळ्या मखमलीच्या खोळी आहेत, तंबूत असताना मीच शिवलेल्या, वरच्या कडीपासून खालच्या बारपर्यंत बरोबर मापाच्या. आता वर कडीपाशी वीतभर दोर उघडा दिसत होता. दोन्ही बाजूंना सारखा. मखमल आटली म्हणावं तर ती मी कधी धुतलीच नाही. टेप घेऊन वर चढले. खोळ तेवढीच होती. दोर वाढला होता.

दिवेवाल्याला विचारलं. त्याने सहज सांगितलं. पहिल्या खेळाच्या दुपारी, तुमचा सराव आटोपल्यावर, मॅनेजरने वर बघितलं आणि म्हणाला, झेलणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडत नाही, त्याला जरा खाली घ्या. "वीतभर तर घेतलं," दिवेवाला म्हणाला, "त्यात काय एवढं?" लांब दोराचा झुला सावकाश येतो, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. सांगावं असंही कुणाला वाटलं नाही. नंतर यांनी तपासलं ते दोर तुटलाय का, गाठ सुटलीय का. लांबी कोण बघतो?

यांना वर नेऊन दाखवलं. बराच वेळ दोराला हात लावून बसले. खाली आले, मॅनेजरच्या खोलीत गेले. आवाज चढला तसा मी आत जाऊन टेप टेबलावर ठेवली. मॅनेजर आधी हसण्यावारी नेत होता, मग त्याने चूक कबूल केली. आता न विचारता कुणी वर हात लावायचा नाही असं ठरलंय. त्या दिवशी हे पोटभर जेवले.

दोर पुन्हा आखूड करायचे का, ते तुम्ही सांगाल तसं करू म्हणतायत.

एक राग माझ्या मनात आहे, तो लिहून टाकते. माझ्यावर संशय घेतलात, ते समजू शकते, मी बाहेरून आलेली. यांच्यावर कसा घेतलात?

तुमची,
वहिनी


४ मे

वहिनी,

तुमचं पत्र वाचलं आणि मला काय वाटलं ते आधी सांगते, म्हणजे माझी पायरी तुम्हाला कळेल. मला वाटलं, शिंपीणच ती, कापड जोडून जोडून गोष्ट शिवली असेल. मी जोकरकाकांना फोन केला. म्हटलं, काही बोलू नका, फक्त वर बघा, दादाच्या झुल्याचा दोर खोळीबाहेर दिसतो का? ते फोन हातात घेऊन हॉलमध्ये गेले. थोड्या वेळाने म्हणाले, "दिसतो गं. दोन्हीकडे दिसतो." मी फोन ठेवला आणि आत्याच्या दुकानात, गिऱ्हाईक समोर असताना, रडले.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. पडल्यावर मी एकच क्षण रोज मनात घोळवत बसले. त्यात तुमचे यजमान रोज मला सोडत होते. एखादी गोष्ट रोज घडत असली की ती मुद्दामच घडते असं वाटायला लागतं. बाईंना सगळं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही सराव चोख केलात, पण पडण्याचा केलात." त्यांनी बजावलं होतंच. मी ऐकलं नाही.

आणि वाईट हे की खरं काय ते कळूनही फरक पडत नाहीये. डोळे मिटते, स्वतःला समजावते की दोर लांब होता, कुणाचा दोष नव्हता. सुटते, गिरकी घेते, हात पुढे करते. नाहीतच. डोक्याला पटलंय, अंगाला कुणी सांगितलेलं नाही.

दोर आखूड करू नका. तुम्ही त्या दोरावर शिकलात, तुमची वेळ कशाला मोडायची? माझीच बदलायला हवी. तुमच्या उडीचे व्हिडिओ पाठवत राहा. खालून नको, मचाणावर तुमच्या मागे कुणाला तरी उभं करून, माझ्या डोळ्यांना दिसेल तसे. पडलात तरी पाठवा.

दादाला सांगा, मी त्याच्याशी अजून बोलत नाही. आता रागाने नाही, तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून.

वन्सं


२७ जुलै

प्रिय आत्या,

पोचल्याचा फोन केला होता, पण पुढचं पत्रातच लिहीन म्हटलं होतं, ते हे. दुकानाच्या काचा कोण पुसतंय?

दादा बसथांब्यावर आला होता. बॅग घेतली, म्हणाला, "किती बारीक झालीस." मी म्हटलं, तू पण. एवढंच बोललो. माफी वगैरे मी वाटेत तयार केली होती, ती तशीच राहिली.

पहिला महिना मी वर गेलेच नाही. वहिनीच्या स्टुलावर बसून वहिनीला बघितलं. मग डोळे मिटून तिच्या वेळेने उडायचं, मग पुन्हा बघायचं. ती खाली उतरली की सांगायची, आत्ता घाई केली, आत्ता मान आखडली. मी तिला गुडघ्यांचं सांगितलं. तिने लगेच सुधारलं, ते बघून पोटात जरा दुखलंच, तुझ्यापासून काय लपवायचं. हळूहळू वेळ बसली. माझी थाप आणि तिचे हात एकदम सुटायला लागले. सगळं बसलं, फक्त शेवट सोडून.

काल डॉक्टरांनी परवानगी दिली. आज सकाळी हॉल रिकामा असताना मी वर चढले. समोर दादा उलटा लटकून झोका घेत होता. मी खडू लावला, डोळे मिटून एकदा मनात जाऊन आले. त्याचे हात नव्हते.

मी वरूनच सांगितलं, "दादा, मनात तू अजून येत नाहीस."

तो झोका घेत म्हणाला, "मनात माझ्यावर संशय घेतलास तेव्हापासून मी तिथे यायचं सोडलंय. इथे आहे बघ. नाही जमलं तर खाली जाळं आहे, तुझी वहिनी आहे."

खाली वहिनी जाळ्याची कड धरून उभी होती, जसे बाबा असायचे. मला उतरून जावंसं वाटलं. खरंच वाटलं. पायऱ्या माझ्या मागेच होत्या. मी बार धरला, विश्वास बसला म्हणून नाही, नुसता हात तिकडे गेला म्हणून.

दादाने हाक दिली, "चल." मी तेव्हा सुटलेच होते.

आत्या, त्याने मला धरलं. दोन्ही मनगटांना. इतकं घट्ट की डाव्या हाडातून कळ आली आणि मला ती गोड लागली. ठरल्याप्रमाणे त्याने मला पुढच्या झोक्याला परत माझ्या बारकडे सोडायचं होतं. बार आला, गेला. त्याने सोडलं नाही. पुन्हा आला, पुन्हा गेला. मी म्हटलं, दादा, सोड. उलट्या माणसाच्या डोळ्यांतलं पाणी कपाळाकडे वाहतं, ते माझ्या हातावर पडत होतं.

झोका मंद होत होत थांबला. आम्ही दोघं हॉलच्या मधोमध नुसते लोंबत राहिलो. खालून वहिनी म्हणाली, "अहो, सोडा आता, तिचा हात दुखेल." तरी सोडलं नाही.

शेवटी मीच माझी मनगटं त्याच्या मुठींतून सोडवून घेतली आणि जाळ्यात पडले.

तुझी,
टोळ